मका आणि भुईमुगातील बुरशीजन्य विषावर जैविक नियंत्रण: नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी

मक्याच्या कणसावर हिरवट-पिवळी बुरशी दिसल्यानंतर तिच्यावर काय मारावे, हा प्रश्न दर ऑक्टोबरमध्ये विचारला जातो. आणि त्याचे खरे उत्तर असे आहे की, तिला अडवण्याची वेळ जुलैअखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी होती. बुरशी दाण्यात शिरते ती फुलोऱ्यात आणि दाणे भरत असताना. ती डोळ्यांना दिसू लागते तेव्हा तिने तयार केलेले विष दाण्यात उतरलेले असते, आणि ते फवारणीने, दळण्याने, उकळण्याने किंवा भाकरी भाजण्याने नाहीसे होत नाही, कारण हे विष मोडायला लागणारे तापमान घरच्या चुलीवर अन्नाला कधीच मिळत नाही. म्हणून जैविक नियंत्रण, म्हणजे एका सजीवाकरवी दुसऱ्या हानिकारक सजीवाला अडवणे, हे फुलोऱ्याआधीचे काम आहे, हे लक्षात ठेवूनच पुढील सर्व मजकूर वाचावा.

नाशिक जिल्ह्यात या विषयाकडे लक्ष देण्याचे कारण आपल्या पीकपद्धतीतच आहे. येवला, नांदगाव, चांदवड, मालेगाव, सिन्नर या पूर्वेकडील तालुक्यांत बाजरीचे पुष्कळ क्षेत्र मक्याने घेतले आहे, आणि खरिपात मका काढून त्याच रानात कांदा लावण्याची पद्धत रूढ झाली आहे. हा पट्टा पर्जन्यछायेत येतो. ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की ती नेमकी मक्याच्या तुऱ्यावर आणि कणीस भरण्याच्या काळावर येते, आणि काढणीच्या सुमारास परतीचा पाऊस गाठतो. आधी ताण आणि नंतर ओल, हा क्रम या बुरशीला जितका मानवतो तितका दुसरा कोणताही मानवत नाही. त्यात कांद्याची रोपे लागवडीला आलेली असल्यामुळे रान मोकळे करण्याची घाई असते, कणसे पुरती वाळण्याआधीच खुडली जातात आणि बांधावर ढीग घालून प्लॅस्टिकच्या कागदाखाली झाकली जातात.

या बुरशीचे नाव अस्परजिलस फ्लेव्हस आणि तिच्या विषाचे नाव अफ्लाटॉक्सिन. त्याचे अनेक प्रकार असले तरी बी-१ हा सर्वांत घातक असून, माणसात यकृताचा कर्करोग निर्माण करणारा घटक म्हणून तो जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात नोंदलेला आहे. हा धोका केवळ कागदावरचा नाही. १९७४ साली गुजरातेतील पंचमहाल आणि राजस्थानातील बांसवाडा या लगतच्या जिल्ह्यांत अवेळी पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाल्ल्यामुळे कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले, आणि त्यांत बहुतेक भिल्ल कुटुंबांतील माणसे होती, कारण मक्याची भाकरी हेच त्यांचे रोजचे अन्न होते. आपल्याकडे मका थेट ताटात कमी येतो. परंतु तो कोंबडीच्या आणि गाईच्या खाद्यातून येतो. गाईने बी-१ खाल्ले की त्याचा काही भाग एका दिवसाच्या आत एम-१ या रूपाने दुधात उतरतो. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये केलेल्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्क्यांमध्ये, एम-१ मर्यादेपेक्षा अधिक आढळले. दूध उकळल्याने ते जात नाही. गाईच्या दावणीत काय पडते ते घरातल्या लहान मुलाच्या पेल्यात पोहोचते, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपाचे तेच सर्वांत मोठे कारण आहे.

बुरशी शेतात कशी राहते

अस्परजिलस फ्लेव्हसचे मूळ घर जमीन आहे. मागील हंगामातील ताटे, कणसांची साले, राहून गेलेली कणसे आणि भुईमुगाच्या सुटलेल्या शेंगा यांवर ती वर्षभर जगते. उष्णता वाढली आणि ओल कमी झाली की तिचे बीजाणू वाऱ्याने आणि किडींच्या अंगावरून उडून मक्याच्या कणसाच्या कोवळ्या केसांवर पडतात, आणि केसांच्या वाटेने दाण्यापर्यंत जातात. अळीने कणीस पोखरले असेल तर तिला एवढाही प्रवास करावा लागत नाही. भुईमुगाची गोष्ट आणखी सरळ आहे, कारण शेंग मातीतच पोसते आणि बुरशीही मातीतच असते; शेवटच्या तीन-चार आठवड्यांत जमिनीला ताण बसला आणि शेंगांच्या थरातील माती तापली की शेंगेची स्वतःची प्रतिकारशक्ती घटते आणि बुरशी आत जाते.

जैविक नियंत्रणाचा पाया ज्या गोष्टीवर उभा आहे ती अशी की, या बुरशीचे सर्वच वंश विष तयार करीत नाहीत. एकाच शेतातील मातीत विषारी आणि बिनविषारी असे दोन्ही प्रकारचे वंश शेजारी शेजारी नांदत असतात. बिनविषारी वंशांमध्ये विष बनवणाऱ्या जनुकांपैकी एखादे बिघडलेले असते किंवा तो जनुकांचा संपूर्ण समूहच गायब असतो. अशा वंशाचे प्रमाण मातीत फुलोऱ्यापूर्वी मुद्दाम वाढवले, तर पिकावरची जागा तो आधी धरतो आणि विषारी वंशाला दाण्यापर्यंत पोहोचण्याची संधी फार कमी उरते. बुरशी तीच राहते, फक्त तिच्यातील विषारी वाटा घटतो.

ही कल्पना अमेरिकेच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञ पीटर कॉटी यांनी ॲरिझोनाच्या कपाशीवर विकसित केली, आणि त्यातून एएफ-३६ नावाचा बिनविषारी वंश वापरात आला. भुईमुगासाठी अफ्ला-गार्ड हे उत्पादन अमेरिकेतच तयार झाले. पुढे नायजेरियातील इबादान येथील आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेने अफ्लासेफ या नावाने आफ्रिकेतील मका आणि भुईमुगासाठी उत्पादने बनवली. त्या कामाचे नेतृत्व रणजित बंद्योपाध्याय या भारतीय वनस्पतिरोग शास्त्रज्ञांनी केले, ज्यांनी त्याआधी हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेत अनेक वर्षे काम केले होते. अफ्लासेफमध्ये त्या त्या देशाच्या मातीतूनच निवडलेले चार बिनविषारी वंश एकत्र असतात. शेतात योग्य वेळी वापर केल्यावर विषाचे प्रमाण ८० टक्क्यांहून अधिक घटल्याचे निष्कर्ष अनेक देशांतून आलेले आहेत, आणि शेतात दाण्यावर बसलेला बिनविषारी वंश साठवणीतही सोबत राहत असल्यामुळे संरक्षण काढणीपाशी संपत नाही.

येथे एक कडक इशारा द्यावासा वाटतो. हे वाचून कोणी आपल्या रानातील हिरवी बुरशी ज्वारीवर वाढवून शेतात टाकण्याचा विचार करील, तर त्याने तो तत्काळ सोडून द्यावा. विषारी आणि बिनविषारी वंश रंगाने, वासाने किंवा वाढीने ओळखता येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत जनुकीय तपासणी करावी लागते. घरी वाढवलेली बुरशी विषारी निघाली तर आपल्याच हाताने विषाची पेरणी होते. त्याचप्रमाणे परदेशातील पाकीट कोणी आणून दिले तरी ते वापरू नये. कोणतेही जैविक बुरशी उत्पादन घेताना त्याच्या वेष्टनावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आणि आपल्या पिकाचे नाव आहे का, हे पाहावे, आणि शंका असल्यास कृषी विज्ञान केंद्रात किंवा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात विचारावे.

बिनविषारी वंशाचे दाणेदार उत्पादन वापरताना

या प्रकारचे उत्पादन ज्वारीच्या मारलेल्या, म्हणजे न उगवणाऱ्या दाण्यांवर बीजाणूंचा थर देऊन केलेले असते. त्याची मात्रा हेक्टरी १० किलो, म्हणजे एकरी ४ किलो असते आणि ते हाताने फोकून द्यायचे असते. वेळ फुलोऱ्याच्या दोन ते तीन आठवडे आधीची. आपल्याकडे जूनच्या अखेरीस पेरलेला मका साधारण ५० ते ५५ दिवसांत तुऱ्यावर येतो, म्हणजे पेरणीनंतर ३० ते ४० दिवसांचा काळ धरावा. भुईमुगासाठीही जवळपास हाच काळ योग्य ठरतो.

दिवस मोजण्याइतकीच जमिनीतील ओल महत्त्वाची आहे. बुरशी त्या ज्वारीच्या दाण्यावर वाढून बीजाणू सोडते, आणि त्यासाठी दाण्याला ओल मिळावी लागते. कोरड्या रानात टाकलेले दाणे तसेच पडून राहतात आणि मुंग्या-पाखरे ते उचलून नेतात. पाऊस पडून वाफसा आल्यावर किंवा पाणी दिल्यानंतर टाकले, तर काही दिवसांतच दाण्यांवर हिरवी बुरशी चढलेली दिसते, आणि ती दिसली म्हणजे काम सुरू झाले असे समजावे. खुरपणी आणि कोळपणी त्याआधी उरकून घ्यावी. दाणे टाकल्यानंतर कोळपे फिरवल्यास ते मातीखाली गाडले जातात आणि बीजाणू वर उडू शकत नाहीत. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर एक-दोन दिवस थांबावे. दाणे टाकताना नाकातोंडावर कापड बांधावे, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि उरलेले दाणे कोंबड्यांना किंवा जनावरांना कधीही घालू नयेत.

ट्रायकोडर्मा: आपल्या हातात आज असलेले साधन

वरील उत्पादन नोंदणीकृत स्वरूपात मिळत नसेल तेथे ट्रायकोडर्मा या उपयुक्त बुरशीचा वापर हा सर्वांत व्यवहार्य मार्ग आहे. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला ट्रायकोडर्मा नवा नाही. बागेत तो वर्षानुवर्षे वापरला जातो. नवल वाटते ते याचे की, ज्या घरात बागेसाठी ट्रायकोडर्माची पाकिटे असतात त्याच घरातल्या मक्याच्या आणि भुईमुगाच्या रानात त्याचा वापर होत नाही. हे बदलायला हवे.

ट्रायकोडर्मा व्हिरिडी आणि ट्रायकोडर्मा हर्जियानम या उपयुक्त बुरशा आहेत. त्या रोगकारक बुरशीच्या तंतूंभोवती वेटोळे घालतात, तिची पेशीभित्तिका विरघळवणारी विकरे सोडतात, आणि मुळांभोवतीची जागा व अन्न स्वतः वापरून टाकतात. मातीतील अस्परजिलसचे प्रमाण त्यामुळे कमी होते. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ट्रायकोडर्माचा परिणाम जमीन, ओल आणि सेंद्रिय पदार्थ यांनुसार कमी-जास्त होतो, आणि बिनविषारी वंशाने मिळते तेवढी खात्रीची घट त्याच्या एकट्याच्या जोरावर मिळेल, अशी अपेक्षा धरू नये. भुईमुगात, जेथे शेंग मातीतच असते, तेथे त्याचा उपयोग मक्यापेक्षा अधिक थेट आहे.

खरेदी करताना वेष्टनावरील उत्पादनाची आणि वापराच्या अंतिम मुदतीची तारीख आधी पाहावी. १ टक्का भुकटीमध्ये प्रति ग्रॅम किमान २० लाख जिवंत घटक असणे अपेक्षित आहे. ही सजीव वस्तू असल्यामुळे दुकानात उन्हात मांडलेले पाकीट स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये, आणि घरी आणल्यावर ते सावलीत, थंड जागी, खतांच्या आणि कीटकनाशकांच्या डब्यांपासून दूर ठेवावे.

शेणखतावर वाढवून देणे ही सर्वांत फायद्याची पद्धत आहे, कारण नुसती भुकटी मातीत टाकली तर बुरशीला सुरुवातीचे अन्न मिळत नाही. त्यासाठी पेरणीच्या आठ-दहा दिवस आधी चांगले कुजलेले १०० किलो शेणखत सावलीत पसरावे, त्यात १ किलो ट्रायकोडर्मा भुकटी नीट मिसळावी, आणि मुठीत दाबल्यावर गोळा होईल पण पाणी गळणार नाही इतकी ओल राहील असे पाणी शिंपडून ढीग प्लॅस्टिकच्या कागदाने किंवा ओल्या गोणपाटाने झाकावा. मध्ये पाणी शिंपडत राहावे, दर तीन-चार दिवसांनी ढीग वरखाली करावा. ढिगाला मातीसारखा चांगला वास यावा. आंबट किंवा कुजका वास आला तर पाणी जास्त झाले असे समजून ढीग मोकळा करून हवा द्यावी. शेणखत कच्चे असेल तर ढीग आतून तापतो आणि ट्रायकोडर्मा मरतो, म्हणून कुजलेल्या खताचा आग्रह धरला आहे. सात दिवसांनी हे खत एकराला पुरते. ते कुळवाच्या शेवटच्या पाळीआधी, संध्याकाळच्या वेळी, ओलसर जमिनीवर पसरावे आणि लगेच मातीत मिसळावे. भुईमुगात आऱ्या जमिनीत उतरण्याआधी अशाच खताची दुसरी मात्रा ओळीलगत द्यावी.

बीजप्रक्रियेबाबत मका आणि भुईमूग यांत फरक करावा लागतो. संकरित मक्याचे पिशवीतील बियाणे बहुधा रासायनिक बुरशीनाशकाचा रंगीत थर देऊनच येते. अशा बियाण्याला ट्रायकोडर्मा लावल्यास तो त्या रसायनाने मरण्याचीच शक्यता अधिक, म्हणून मक्यात तो मातीतूनच द्यावा. भुईमुगाचे घरचे बियाणे असेल तर प्रथम फुटके, सुरकुतलेले, रंग बदललेले दाणे निवडून काढावेत, आणि मग किलोला ५ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा थोड्या पाण्यात किंवा गुळाच्या पातळ पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळावा, कारण भुईमुगाची साल चटकन निघते. रायझोबियम हे नत्र स्थिर करणारे जिवाणू लावायचे असल्यास ते याच्यासोबत चालते. बियाणे सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावे. रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी आणि ट्रायकोडर्मा यांत किमान आठवड्याचे अंतर ठेवावे. विशेषतः कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला फार घातक आहे. द्राक्षबागेत वापरलेले फवारणीचे टाके न धुता त्यातच जैविक द्रावण तयार करणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे होय.

कणसातील अळी रोखणे हाही याच कामाचा भाग

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळली आणि लवकरच महाराष्ट्रातील मक्यावर पसरली. ती पोंग्यात असते तेव्हा सर्वांचे लक्ष जाते. परंतु कणसात शिरलेली अळी दाण्यांवर ओरखडे पाडून बुरशीला दार उघडून देते, याकडे दुर्लक्ष होते. शेतात कामगंध सापळे लावून पतंगांवर नजर ठेवावी. सापळ्यात सरासरी तीन पतंग दिसू लागले की ट्रायकोग्रामा प्रिटिओसम या मित्रकीटकाची अंडीकार्डे एकरी ५०,००० या हिशेबाने आठवड्याच्या अंतराने लावावीत. कार्ड संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूस टाचावे, आणि त्यानंतर काही दिवस रासायनिक कीटकनाशक मारू नये. पेरणीनंतर १५ ते २५ दिवसांत मेटाऱ्हायझियम ॲनिसोप्ली ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून पोंग्यात जाईल अशी फवारणी करावी. ही बुरशी अळीच्या अंगावर वाढते आणि तिला दमट हवा लागते, त्यामुळे ढगाळ दिवस किंवा संध्याकाळ निवडावी.

पिकाचा ताण कमी ठेवला नाही तर जैविक उपायही थिटे पडतात

शेततळ्यात पाणी असेल तर ते कांद्यासाठी राखून ठेवण्याचा मोह होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही तुरा पडताना आणि दाणे चिकात असताना पावसाचा खंड लांबला, तर एक संरक्षित पाणी मक्याला द्यावेच. नत्राची उपासमार झालेल्या आणि फार दाट पेरलेल्या मक्यातही विषाचे प्रमाण वाढते. भुईमुगाला फुलोऱ्याच्या वेळी हेक्टरी ४०० ते ५०० किलो जिप्सम दिल्यास कॅल्शियममुळे टरफल भक्कम होते. इक्रिसॅटच्या कामातून चुना किंवा जिप्सम, शेणखत आणि पिकांचे अवशेष यांच्या एकत्रित वापराने विषात मोठी घट मिळाल्याचे दिसले आहे. भुईमुगाचे शेवटचे पाणी चुकवू नये. त्या तीन-चार आठवड्यांतील ताण टाळणे हे मला तर अर्धे नियंत्रण वाटते.

काढणी, वाळवणी आणि साठवण

शेतात जैविक नियंत्रणाने मिळवलेले काढणीनंतरच्या आठवड्यात गमावता येते. दाण्याच्या टोकाशी काळा ठिपका दिसला म्हणजे दाणा पक्व झाला, परंतु तेव्हाही त्यात पुष्कळ ओल असते. खुडताना बुरशी लागलेली आणि अळीने खाल्लेली कणसे वेगळ्या पाटीत टाकावीत. बांधावरचा ढीग दिवसा उघडा करून पसरावा. प्लॅस्टिकच्या कागदाखाली रात्रभर घाम धरतो आणि आतला मका उबतो, म्हणून पाऊस थांबताच कागद काढावा. मातीवर न पसरता ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवावे. ओल्या कणसांची मळणी केली तर दाणे फुटतात, आणि फुटका दाणा बुरशीला सर्वांत आधी बळी पडतो. हमीभावाच्या खरेदीला १४ टक्के ओलावा चालतो. परंतु घरी महिनोन्‌महिने ठेवायच्या मक्याचा ओलावा १२ ते १३ टक्क्यांपर्यंत खाली आणावा.

ओलावामापक नसेल तर काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर दाणे आणि चमचाभर पूर्ण कोरडे मीठ घालून काही मिनिटे हलवावे आणि थोडा वेळ ठेवावे. मीठ काचेला चिकटले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे, आणखी वाळवण आवश्यक आहे. मीठ चिकटले नाही म्हणजे साठवणीयोग्य झाले असे मात्र समजू नये. त्यानंतरही एक-दोन कडक उन्हे द्यावीत.

भुईमूग उपटल्यावर वेल उलटे ठेवून शेंगा वर उन्हाकडे कराव्यात, आणि शेंगा हलवल्यावर आतला दाणा वाजेपर्यंत, म्हणजे ओलावा सुमारे ८ टक्क्यांवर येईपर्यंत, वाळवाव्यात. फोडणी सोपी जावी म्हणून शेंगांवर पाणी शिंपडण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती पूर्णपणे बंद व्हायला हवी, कारण तेवढ्या ओलीने पोत्यात बुरशी जागी होते. साठवण शेंगेतच करावी. पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. पूर्ण वाळलेल्या मक्यासाठी हवाबंद पिशव्या उत्तम, पण ओला मका त्यांत भरू नये.

साठवलेल्या धान्यावर ट्रायकोडर्माची किंवा कोणतीही जैविक भुकटी टाकू नये. कोरड्या धान्यात ती वाढत नाही, आणि ती वाढण्याइतकी ओल असेल तर अस्परजिलसही तेथे वाढतेच.

कणसावर गुलाबी किंवा पांढरट बुरशी दिसली तर ती फ्युझेरियम असू शकते आणि तिचे विष फ्युमोनिसिन हे वेगळे आहे. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर अवेळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी व जुलाबाचे रुग्ण आढळले ते याच विषामुळे. अस्परजिलसच्या बिनविषारी वंशाचा फ्युझेरियमवर उपयोग होत नाही. तेथे अळीचे नियंत्रण आणि वेगाने केलेली वाळवणी हाच मुख्य आधार.

तपासणी कशी करावी

भारतात धान्यातील एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका टनात १५ मिलिग्रॅम एवढी आहे. दुधातील एम-१ साठी ती किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. एवढे अल्प विष डोळ्यांनी किंवा चवीने कळणे अशक्य आहे. शिवाय ते पोत्यात सारखे पसरलेले नसते. थोड्याच दाण्यांत फार मोठे प्रमाण असते आणि बाकीचे दाणे स्वच्छ असतात, म्हणून पोत्याच्या तोंडाजवळचा मूठभर मका पाठवून आलेला अहवाल फसवा असतो. ढिगाच्या वर, मध्ये, तळाशी आणि कडेला अशा किमान २५ ते ३० ठिकाणांहून थोडे थोडे दाणे घेऊन सुमारे ५ किलोचा नमुना करावा, तो पूर्ण मिसळून चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन भाग ठेवून बाकीचे काढावेत, आणि असे करीत आणलेला किलोभराचा नमुना कागदी किंवा कापडी पिशवीत एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत द्यावा. निर्यातीच्या द्राक्षांसाठी प्रयोगशाळेत नमुने पाठवण्याची नाशिकच्या शेतकऱ्यांना सवय आहेच. तीच शिस्त मक्याला लावायची आहे.

निवडून काढलेली बुरशीची कणसे आणि दाणे गाईला, म्हशीला किंवा कोंबड्यांना घालू नयेत, शेणखताच्या खड्ड्यातही टाकू नयेत. ती शेताबाहेर खोल पुरावीत किंवा जाळावीत. मुरघासाच्या खड्ड्यातील वरचा बुरशी चढलेला थरही काढून टाकावा. खराब खाद्य बंद केल्यावर तीन-चार दिवसांत दुधातील एम-१ उतरते, त्यामुळे दूध संघाकडून तक्रार आली तर सर्वप्रथम पेंड आणि मका बदलून पाहावा.

पहिल्या वर्षी शेताच्या वाऱ्याच्या वरच्या बाजूचा एक पट्टा जैविक प्रक्रियेविना राखावा आणि त्याची काढणी, वाळवणी व नमुना वेगळा ठेवावा, म्हणजे केलेल्या खर्चाने नेमके काय मिळाले ते आपल्याच अहवालावरून कळेल. बीजाणू वाऱ्याने बांध ओलांडून जातात. एकट्या शेतापेक्षा लागून असलेल्या दहा-वीस शेतकऱ्यांनी एकाच आठवड्यात प्रक्रिया केली तर परिणाम अधिक चांगला मिळतो. शेतकरी उत्पादक कंपनी असेल तेथे ट्रायकोडर्माची खरेदी, शेणखताचे ढीग आणि प्रयोगशाळेचा खर्च एकत्र करावा, आणि मळणीनंतर लगेच एकदा व साठवणीच्या तिसऱ्या महिन्यात दुसऱ्यांदा नमुने द्यावेत.